मुठीएवढं

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी भांडुपहून धीमी गाडी पकडली. अपंगांच्या डब्यात (पाटीवर 'दिव्यांग' लिहिलंय, पण फलाटावर अजून सगळे असंच म्हणतात) खिडकीजवळ जागा मिळाली. काठीची घडी करून मांडीवर ठेवली आणि फोन काढला. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीवरून रात्री महाभारत झालं होतं, ते वाचायचं राहिलं होतं. विक्रोळी गेली तेव्हा मी टाकी धुणाऱ्याच्या बिलापर्यंत पोचले होते. तेवढ्यात समोरून आवाज आला, "काठी घेतली की झालं का हो मॅडम? वाचता तर झकास येतंय." साठीच्या आसपासचा, खर्जातला आवाज. मगाशी कुबडी बाकाच्या दांडीला टेकवल्याचा खणकन आवाज आला होता, तो यांचाच असणार. डब्यात दोघं-तिघं हसले.

कार्ड पर्समध्ये होतं. दाखवता आलं असतं. किंवा रोजच्यासारखं, चार वाक्यांत, हसत, समजावून सांगता आलं असतं. त्यातलं मी काहीच केलं नाही. फोन पर्समध्ये टाकला, चेन लावली, हनुवटी जरा वर उचलली आणि नजर खिडकीच्या वर कुठेतरी सैल सोडून दिली. घाटकोपरलाच काठी उघडून उभी धरली, उतरायला चांगला अर्धा तास असताना. मशीदला गाडी रिकामी व्हायला लागली तशी मी उठले आणि दाराजवळचा दांडा चाचपडत शोधला. दोनदा हवेत हात फिरवला, मग धरला.

दांडा मला दिसत होता.

काकांच्या बोलण्याचा राग सीएसएमटीच्या पुलावरच ओसरला. त्यांची बाजू मला कळते. त्या डब्यात रोज धडधाकट माणसं शिरतात, 'पुढच्या स्टेशनला उतरतोय' म्हणत पार भायखळ्यापर्यंत बसतात. असं हटकणारं कोणी नसेल तर आम्हाला उभं राहायलाही जागा मिळणार नाही. बहुधा याच काकांनी आदल्या आठवड्यात दोन कॉलेजच्या पोरांना उतरवलं होतं आणि मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या होत्या. टोचत राहिला तो हवेत दोनदा फिरवलेला हात. इतका सफाईदार अभिनय मला कुठून जमला?

तसा मुरलेला हात आहे माझा. फक्त नाटक उलटं होतं. जवळजवळ पंचवीस वर्षं मी दिसण्याचं नाटक केलं.

आमच्या चाळीत संध्याकाळी डबा ऐसपैस रंगायचा. दिवेलागणीला खेळ खरा भरात यायचा आणि नेमकं तेव्हाच मला 'अभ्यास आहे' आठवायचं. पोरांना वाटायचं, ही हुशार, पुस्तकी. खरं म्हणजे उजेड उतरला की अंगणातला डबाच नाहीसा व्हायचा, लपलेली पोरं तर लांबच. आई गाजरं खाऊ घालायची, आजी शेवग्याचा पाला. रातांधळेपणावर प्रत्येकाकडे भाजीबाजारातला एक इलाज असायचा. सिनेमाला मी दिवे जायच्या आत खुर्चीत असायचे आणि मध्यंतरात तहान लागली तरी उठायचे नाही. लग्नानंतर, सत्ताविसाव्या वर्षी, चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून गेले आणि डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून पडदा तपासला. बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "आई-वडील नात्यातले का?" बाबांनी मामाची मुलगी केली होती. आमच्याकडे ही कौतुकाची गोष्ट, घरातली मुलगी घरात आली. रेटिनायटिस पिगमेंटोसा हा शब्द मी त्या दिवशी चिठ्ठीवरून तीनदा वाचला. साधारण ४,००० जणांत एकाला होतो, डोळ्याच्या पडद्यावरच्या अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी आधी मरतात, मग कडेकडेने नजर आत सरकत येते. पुढे नजरेचा नकाशा काढायची ती तपासणी वर्षातून एकदा ठरूनच गेली. एक डोळा झाकून, पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं आणि बारीक ठिपका उजळला की बटण दाबायचं. सुरुवातीला बोट सारखं चालायचं. हल्ली मोटरचा घर्रर्र आवाज येत राहतो आणि बोट नुसतं टेकलेलं असतं. मधूनच शंका येते, यंत्र बिघडलं की काय.

या सगळ्याला मी ऑफिसात 'चष्मा घरी राहिला' एवढ्या तीन शब्दांत गुंडाळलं होतं. हॉटेलात सगळ्यांच्या आधी पोचायचं, म्हणजे टेबलं शोधत अडखळताना कोणी बघत नाही. संध्याकाळी स्टेशनवर जाताना पांढऱ्या शर्टाच्या कोणा सहकाऱ्याच्या बरोबर मागे चालायचं. हळदीकुंकवाला बाजूने करंडा पुढे आला तरी मी ढिम्म उभी. हात पुढे केलेल्या माणसाला मी तसंच लटकत ठेवायचे. त्यामुळे सासरच्या अर्ध्या गोतावळ्यात माझी ख्याती 'जरा शिष्टच आहे हो' अशी झाली. ती मी चालवून घेतली. आंधळी म्हणण्यापेक्षा शिष्ट म्हटलेलं परवडायचं.

मग दादरच्या पुलावर एका तीन-चार वर्षांच्या पोराला मी तुडवलं. पुढचं सगळं दिसत होतं हो, गुडघ्याच्या उंचीवरचं ते पोर मात्र माझ्या नजरेच्या खाली होतं. ते पडलं, त्याच्या हातातला पापडाचा तुकडा पडला, ते किंचाळलं. त्याची आई ओरडली, "डोळे फुटलेत का गं?" त्या घाईत, घामात, मागून रेटणाऱ्या गर्दीत मला पहिल्यांदा जाणवलं की या प्रश्नाचं खरं उत्तर 'हो' आहे आणि ते देण्याचं धाडस माझ्यात नाही.

काठी वापरायला शिकवणारे सर स्वतः टोटल. आमच्या जगात माणसं दोन प्रकारची, टोटल म्हणजे अजिबात न दिसणारी आणि पार्शल म्हणजे थोडं दिसणारी. पार्शल शिकाऊंच्या डोळ्यांवर ते पहिल्याच दिवशी पट्टी बांधायचे, कारण उरलेली नजर चोरून मदत करत राहते आणि कान आळशी होतात. डावा पाय पुढे तेव्हा काठीचं टोक उजवीकडे, उजवा पुढे तेव्हा डावीकडे, रुंदी खांद्यांपुरती. ऐकायला सोपं आहे. पहिले चार दिवस मी नुसती नाचत होते. एका दुपारी रस्त्याच्या कडेने चालताना त्यांनी थांबवून विचारलं, "आत्ता डावीकडे काय गेलं?" मला काहीच कळलं नव्हतं. उभा टेम्पो होता. रहदारीचा आवाज तेवढ्यापुरता त्याच्या आडोशाला दबतो आणि टेम्पो संपला की पुन्हा उघडा पडतो. तिसऱ्या आठवड्यात मलाही तो ऐकू यायला लागला. त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला अर्धा तास टेम्पोबद्दल सांगत होते. तो बिचारा पोळी तोडत 'अच्छा, अच्छा' करत होता.

शिकले खरी, पण पुढचे सात महिने काठी पर्समध्येच होती. सोसायटीच्या गेटपासून रिक्षा करायची, स्टेशन ओलांडायचं आणि विक्रोळीच्या पुढे, जिथे कोणी ओळखीचं भेटायची शक्यता कमी, तिथे ती उघडायची. आत रबरी दोरी असते, पहिला तुकडा सोडला की बाकीचे खट्-खट्-खट् करत आपोआप जुळतात. तो आवाज डब्यात इतका मोठा वाटायचा की सगळं कुर्ला वळून बघतंय असं वाटे. कोणी बघत नव्हतं. मुंबईत सकाळी ९ वाजता दुसऱ्याकडे बघायला वेळ असतो कोणाला?

घरात वेगळीच लढाई होती. सासूबाईंनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली, "राहू दे, मी चिरते." मग गरम कढईपासून लांब, मग गॅसपासून लांब. त्यात दुष्टावा नव्हता, उलट मायाच होती, म्हणून भांडताही येईना. आठ महिने मी माझ्याच स्वयंपाकघरात पाहुणी होते. मग त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस धुरापासून, वाफेपासून लांब राहायला सांगितलं. काळा चष्मा लावून त्या खुर्चीत बसल्या आणि ओटा माझ्या ताब्यात आला. मसाल्याच्या डब्यातली वाटी कुठली हे बघावं लागत नाही. मधली हळदीची, तिथून पुढे मोहरी, जिरं, तिखट, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. मोहरी तडतडते तेव्हा कानाला कळतं, हिंग पडला की नाकाला. पोळी फुगून तिच्यातली वाफ सुटते तिचा फुस्स आवाज आणि करपण्याच्या आधी येणारा गोडसर वास यांच्यामध्ये काही क्षण मिळतात, तेवढ्यात उलटायची. चहा ओतताना तर्जनीचं टोक कपाच्या काठाच्या आत धरायचं. खरं तर बोटाचीही तेवढी गरज नसते. कप भरत येतो तसा धारेचा आवाज बारीक होत जातो. सासूबाई दोन दिवस नुसत्या ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुझा सांडत कसा नाही गं? माझा तर डोळे असून सांडायचा." हल्ली त्याही कपात बोट धरतात. आणि डब्यातल्या वाट्या कोणी हलवल्या की माझ्याआधी त्यांचा आवाज चढतो.

नोटांनी मात्र छळलं. जुनी शंभराची नोट नव्या नोटांपेक्षा चांगली ऐसपैस होती. २०१६ नंतर आलेल्या नोटांत १००, २०० आणि ५०० ची रुंदी एकच, ६६ मिलिमीटर. लांबी १४२, १४६, १५०. म्हणजे दोनशे आणि पाचशेमध्ये फरक ४ मिलिमीटरचा. भाजीवालीपुढे, पाऊस पडत असताना, मागे तीन बायका उभ्या असताना, हे चार मिलिमीटर बोटांनी मोजायचे! पाचशेच्या कडेला पाच उंचवट्याच्या रेषा असतात म्हणे. नोट चार बाजार फिरून आली की त्या झिजून गेलेल्या असतात. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं ॲप २०२० पासून आहे, फोन धरला की ते नोट सांगतं. पण पाऊस, छत्री, पिशवी आणि काठी यांतून तिसरा हात आणायचा कुठून? शेवटी मी घरून निघतानाच घड्या घालायला लागले. शंभर सरळ, दोनशे आडवी दुमडलेली, पाचशेला दोन घड्या. आमची भाजीवाली आता सुट्टे देतानाही घड्या घालूनच देते. एकदा तिच्या नवऱ्याने तशाच सरळ नोटा हातात दिल्या तेव्हा तिने त्याला जो काही झापला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

बाहेरची मदत हा वेगळाच विषय. मुंबईकर मदतीला पुढे येतो, पण येतो तो झडप घालून. कोणी मनगट धरतं, कोणी थेट काठीचं टोक धरून ओढतं, जणू गाडीला गाडी बांधलीय. आता मी थांबते, हात सोडवते आणि म्हणते, "मीच तुमचा हात धरते." कोपराच्या किंचित वर धरून अर्धं पाऊल मागे चाललं की पायरी आली, वळण आलं, ते त्या हातातूनच समजतं. सुरुवातीला हे म्हणताना जीभ जड व्हायची. मदत करणाऱ्यालाच सूचना द्यायच्या म्हणजे आगाऊपणा वाटे. फलाटाच्या कडेच्या पिवळ्या फरशा मात्र कोणाला काही न विचारता सांगतात, लांब रेघा म्हणजे चाला, गोल ठिपके म्हणजे थांबा. जपानात ओकायामा शहरात १९६७ मध्ये त्या पहिल्यांदा बसवल्या. पातळ तळव्याच्या चपलेतून त्या छान कळतात, म्हणून मी भारीतले बूट घालत नाही. आमच्या इथल्या फुटपाथवर मात्र त्या रेघांचा माग धरत गेलं की थेट केळीवाल्याच्या हातगाडीवर पोचतो. केळी चांगली असतात त्याची.

आणि दादर! २०२३ च्या डिसेंबरात दादरच्या फलाटांचे नंबर बदलले, मध्य रेल्वेचा १ नंबर एका रात्रीत ८ झाला. माझ्या डोक्यात ते स्टेशन पायऱ्यांच्या संख्येसकट पाठ होतं, आणि पायऱ्या तेवढ्याच राहिल्या. पुढचे काही दिवस पुलावर डोळस माणसं गोंधळलेली, "आठ नंबर कुठला हो?" एकाने मला विचारलं. मी काठीने जिना दाखवला, "हा उतरा, जुना एक नंबर." तो धावत गेला. आपण कोणाला विचारलं हे त्याच्या लक्षातही आलं नाही. त्या दिवशी माझी चाल बदलली होती, असं मैत्रीण म्हणते. मला तर नुसती मजा वाटली होती.

हे सगळं असताना त्या मंगळवारी मी दांडा का चाचपडला?

बरेच दिवस विचार केला. दिसण्याचं नाटक करत होते तेव्हा लोकांच्या डोळ्यांतली एक सरळ माणूस व्हायचं होतं. परवा न दिसण्याचं केलं तेव्हाही तेच. लोकांना टोटल कळतात, डोळस कळतात. काठी हातात आणि फोन डोळ्यांपुढे, हे चित्र त्यांच्या डोक्यात बसत नाही, आणि माझ्याही बसत नसावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नजरेचा आवाका १० अंशांहून कमी असला की ते अंधत्व. माझा ८ आहे. म्हणजे कागदावर मी अंध. त्या ८ अंशांच्या आत मात्र चष्मा लावून वर्तमानपत्र स्वच्छ वाचता येतं, एका वेळी तीन-चार शब्द. लांब बसलेल्या माणसाचा चेहरा दिसतो, चेहऱ्याच्या खालचं पोट दिसत नाही. आणि जे दिसत नाही तिथे काळंही नसतं. आपल्या डोक्याच्या मागे काय 'दिसतं'? तसंच.

पंधरा दिवसांनी तोच खणकन आवाज समोर आला. फलाटावर आमचा डबा जिथे लागतो तिथे खांबावर एक यंत्र बीप-बीप करत असतं, त्याच्याखालीच मी उभी होते, म्हणजे मी आत चढताना काकांनी मला पाहिलं असणार. कांजूर गेलं. मी फोन काढला. विक्रोळी गेली. ते काही बोलेनात, तेव्हा मीच बोलले.

"काका, परवा तुम्ही विचारलंत ते बरोबर होतं."

"कोण? मी? काय विचारलं?" त्यांना आठवतच नव्हतं. माझे पंधरा दिवस गेले होते त्यात.

मी म्हटलं, "हात पुढे लांब करा. मूठ वळा. एक डोळा मिटून मुठीकडे बघा." गुमान केलं असावं, कारण बांगडीसारखं काहीतरी किणकिणलं, कडं असेल. "आता असं समजा की त्या मुठीने जेवढं झाकलं जातंय तेवढंच तुम्हाला दिसतंय. बाकीचं काही नाही."

ते जरा वेळ गप्प होते. घाटकोपरला गर्दी चढली, कोणाची तरी ओली छत्री माझ्या पायाला लागली.

"म्हणजे फोन दिसतो."

"फोन दिसतो."

"आणि मी?"

मी मान हलवत त्यांना शोधलं. पांढरी मिशी, कपाळाला अष्टगंध, चेहऱ्यावर पटलं-न-पटलं अशी सुरकुती. "आत्ता तुमची मिशी दिसतेय."

मागे कोणीतरी हसलं. ते हसले नाहीत. "लोक फसवतात हो," एवढंच म्हणाले, आणि मग बाजूच्या माणसाशी पावसामुळे गाड्या कशा उशिरा येतायत यावर बोलायला लागले. मी पुन्हा टाकीच्या बिलाकडे वळले, भांडण अजून मिटलेलं नाही. कुर्ल्यानंतर मिठीचा वास आला, मग शीव. मशीदला मी उठले. दांडा समोरच होता, धरला. काठी अजून उघडली नव्हती. खाली, माझ्या पायांपाशी, लोखंड फरशीवरून घासत बाजूला सरकल्याचा आवाज आला.